पांढऱ्या कोंबडीची साक्ष

“हा आवाज मोठ्या माणसाचा नाही, बाई,” फोनकाका म्हणाले आणि सफरचंदाची अर्धवट चावलेली फोड तिच्या तोंडाशी जाता जाता थांबली.

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या ग्रंथालयात ती नऊ वर्षं वाचत होती, आणि तिनं वाचलेलं प्रत्येक पान आधी फोनकाकांच्या कानांखालून जायचं, मगच बाहेर पडायचं. फोनकाका जन्मांध. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि इथे तपासनीस म्हणून येऊन बसले. पानाची सळसळ, गिळलेली जांभई, रिकाम्या पोटाची गुरगुर, काही म्हणता काही त्यांच्या कानांतून सुटायचं नाही. एकदा तर ‘बाई, अध्याय तीनला तुम्ही कुणावर तरी चिडलेल्या आहात’ म्हणून त्यांनी सगळा अध्याय परत वाचायला लावला होता, आणि खरोखरच त्या दिवशी ती नवऱ्याशी भांडून आली होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर तिचा राग नसायचा. उलट थोडा लाडच असायचा. “कुणाचा आवाज, दिवेवाल्याचा?” ती हसून म्हणाली. “तो तर चांगला पन्नाशीचा आहे पुस्तकात.”

“पुस्तकात असेल. मी आवाजाचं बोलतोय. बाईमाणसानं पुरुषाचा आवाज काढला की तो छातीतून येतो, वाईट का होईना. हा नाकातून येतो, आणि वाक्याच्या शेवटी हसू दाबलेलं ऐकू येतं. पोरं नाही का चिडवायला आवाज काढत, तसा. हा तुम्ही काढलेलाच नाही. कुणीतरी नऊ-दहा वर्षांचं पोर काढतंय.” फोनकाकांनी भिंत चाचपून खुर्ची शोधली, पण बसले नाहीत. “दुसरं असं, की मीच पास केलेले पहिले सहा अध्याय अंधशाळेत पोचलेत. पोरांना परीक्षेला आहे हे पुस्तक, दिवसभर ऐकतात. आता जेवायच्या वेळी सगळी पोरं तो आवाज काढतात म्हणे. तिथल्या स्वयंपाकघरात एक बाई आहेत, त्या जरा नाकात बोलतात. त्यांना दिवेवाली म्हणायला लागलीत. दोन दिवस झाले, बाई वाढायला बाहेर येत नाहीत. आतूनच ताटं सरकवतात.” मग जाता जाता दाराशी वळून, अगदी साधेपणानं म्हणाले, “दिवेवाला नाकात बोलतो असं पुस्तकात कुठे लिहिलंय हो? मला काही वाचता येत नाही, म्हणून विचारतो.”

काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा दाढीवाला पोरगा सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. त्याला सगळे दाढीच म्हणायचे. संध्याकाळपर्यंत उरलेले अध्याय शाळेत जायचे होते. शेवटचा तेवढा वाचायचा राहिला होता, दिवेवाल्यानं तुरुंगात दिलेल्या जबानीचा. तिनं फोड बशीत ठेवली. कोरड्या तोंडात जीभ टाळूला चिकटली की तिचा चिकट आवाज माइक बरोबर पकडतो, म्हणून वाचणारे आंबट सफरचंद चघळत बसतात. पण आता तिला ती चावलेली कड, तिच्यावर चमकणारी स्वतःची लाळ, काहीच बघवेना. “दाढी, मागचा जरा ऐकवतोस? कुठलाही. दिवेवाला बोलतो तो,” ती म्हणाली. त्यानं ऐकवला. कानांवरचे जाड हेडफोन घामानं ओलसर झालेले, माइकवरच्या स्पंजाला आजवर इथे वाचून गेलेल्या सगळ्यांच्या श्वासाचा शिळा वास, आणि त्या वासात तो आवाज तिच्या दोन्ही कानांत शिरला. ‘मी नाही हो केलं, मालक.’ नाकात घोळवलेला, शेवटाला किंचित उचललेला, आणि हो, हसू होतंच. होतंच की! नऊ वर्षांत चार-पाच पुस्तकांतून तिनं हा आवाज वापरला होता. कुठे गुराखी, कुठे चोर, कुठे नुसताच रस्त्यावरचा माणूस. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची, ताई, तुम्ही माणसं जिवंत करता. काय कौतुक होतं तिला त्या पत्रांचं! कपाटात गठ्ठा बांधून ठेवला होता. 

पुस्तक जुनं, नावाजलेलं, तीन पिढ्यांना शाळेत लावलेलं. गावातले रस्त्यांवरचे दिवे लावणारा एक अबोल माणूस असतो, धान्याचं कोठार जळतं, आणि आळ त्याच्यावर येतो. पुरावा म्हणाल तर काही नाही. पण न्यायाधीशाच्या लहान मुलीची एक पांढरी कोंबडी असते, आणि मुलगी भर कोर्टात सांगते, ‘माझी कोंबडी याला बघितलं की पळते.’ झालं. निष्पाप जिवाला कळतं हो सगळं, असं म्हणत सगळं गाव डोळे पुसतं आणि माणूस तुरुंगात जातो, तिथेच मरतो. शेवटच्या पानांत उलगडा होतो, की कोंबडी पळायची ती त्याच्या हातांच्या रॉकेलच्या वासानं. त्याच रॉकेलच्या उजेडात गावानं जन्मभर ताटं वाढून घेतलेली असतात. शाळेत हे पुस्तक तिलाही होतं. ‘पांढरी कोंबडी कशाचे प्रतीक आहे?’ हा ठरलेला प्रश्न, आणि ‘निरागसतेचे’ हे ठरलेलं उत्तर. तिनं दीड पान लिहिलं होतं; शुभ्र पिसं, निर्मळ डोळे, जगाच्या कपटापासून दूर असलेला जीव. दहापैकी दहा मिळाले आणि मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. तिनं तोवर कोंबडी जवळून पाहिलीच नव्हती. पुढे मावशीच्या परसात पाहिल्या, चांगल्या आठ-दहा, पांढऱ्याशुभ्र. एकीच्या पाठीला जखम झाली होती, आणि बाकीच्या सगळ्या भोवती जमून शांतपणे, घाई न करता, त्या लाल ठिपक्यावर चोच मारत होत्या. मावशी म्हणाली, “त्यांचं असंच असतं ग, रक्त दिसलं की चोच मारतात,” आणि दाणे टाकायला लागली. पण तेव्हाही तिला ते दीड पान आठवलं नाही.

नऊ-दहा वर्षांचं पोर. फोनकाकांनी वयसुद्धा बरोबर सांगितलं होतं, दहा. त्यांच्या तीन मजली इमारतीत जिन्याखाली एक इस्त्रीवाला बसायचा. लाकडी टेबल, त्यावर जळक्या डागांची घोंगडी, कोळशाची जड इस्त्री, आणि भिंतीला टेकून ठेवलेली गाठोडी. त्याचा वरचा ओठ दुभंगलेला होता, आणि बोलणं सगळं नाकातून. थंडीच्या दिवसांत ती शाळेत निघाली की तो तिचा हातरुमाल मागून घ्यायचा, एकदा इस्त्री फिरवायचा, आणि गरम घडी तिच्या तळव्यांवर ठेवायचा. “धर, बाळ. कोपऱ्यापर्यंत पुरेल,” म्हणायचा. आणि खरंच पुरायची. आणि हेही खरं, की रात्री जेवताना बाबा त्याचा आवाज काढायचे. ‘साहेंब, बंटण तुंटलंय.’ आई हसता हसता ठसका लागून पाणी प्यायची. बाबा गंभीर माणूस, कचेरीतून आल्यावर फारसे बोलत नसत, हसत तर त्याहून नसत. घरात हसू असायचं ते त्या एका आवाजापुरतं. मग एके दिवशी तिनं तो काढला. बाबांचा घास हातातच राहिला. “अरे वा! ही तर माझ्यावर ताण आहे,” ते म्हणाले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यातली पहिली वाहवा. पाहुणे आले की तिला बोलावलं जायचं, काढ ग तो आवाज, आणि ती हात मागे बांधून, ओठ एका बाजूला ओढून उभी राहायची. आज हे आठवताना तिला स्वतःच्या ओठाची ती ओढ जशीच्या तशी जाणवली, आणि कळलं, की माइकसमोरसुद्धा ती अजून ओठ तसाच ओढते. काचेत बघून खात्री करावी असं वाटलं. पण धीर झाला नाही. त्या घरात सगळे किती प्रेमळ होते! 

फोन तेव्हा नुकताच आला होता, काळा, जड, तबकडीचा. त्यांच्याकडे एक आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे एक. दुपारी आई झोपली की तो तिचाच. पहिल्या दिवशी तिनं त्या आवाजात काकूंना सांगितलं, कपडे झालेत, घेऊन जा, आणि काकू खरंच खाली उतरून गेल्या. केवढी गंमत! उशीत तोंड खुपसून हसली ती. दुसऱ्या दिवशी तेवढ्यानं भागेना. मोठ्या बायका आपसांत कुजबुजतात अशा गोष्टींत काहीतरी जास्त गंमत असते, एवढं तिला कळत होतं. काय असते, ते कळत नव्हतं. म्हणून ती त्या आवाजात म्हणाली, ‘तुमचे आतले कपडे मी माझ्याकडे ठेवून घेतलेत.’ पलीकडे काकूंचा नुसता श्वास ऐकू आला. मग फोन आपटला गेला. संध्याकाळी वरून, खालून, समोरून पुरुष जमले आणि जिन्याखाली गेले. ती मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी होती. कुणीतरी इस्त्री उलटी केली आणि लाल कोळसे फरशीवर पसरले. कुणीतरी गाठोडी लाथेनं उडवली. तो काहीतरी सांगत होता, पुन्हा पुन्हा तेच, आणि जितक्या घाईनं सांगत होता तितकं ते कुणाला कळत नव्हतं. जमलेल्यांतल्या एकानं त्याचा आवाज काढून दाखवला, आणि एवढ्या संतापातही लोक हसले. त्याच्याकडे फोन कुठून येणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग त्यानं वर बघितलं. त्याला ती दिसली. तो म्हणाला, “बाळ, तू सांग,” आणि हे दोन शब्द मात्र सगळ्यांना स्वच्छ कळले.

सगळे तिच्याकडे वळले. काकू दोन पायऱ्या चढून तिच्यापाशी आल्या, तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “घाबरू नको हं, सोन्या. हा तुला कधी काही बोलला? हात लावला?” काकूंच्या हातांना पावडरीचा वास येत होता. तिला फक्त एवढंच हवं होतं, की कुणी फोनचं विचारू नये. ती म्हणाली, “मला त्याची भीती वाटते.” ते खोटंही नव्हतं. त्या क्षणी तिला जगात सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती. तो ओळखेल, असं वाटत होतं. “बघा!” काकू म्हणाल्या. “लहान लेकरू आहे, ते काय खोटं बोलणार?” तो खाली वाकून हातांनी कोळसे गोळा करायला लागला, नुसत्या हातांनी, आणि त्याला कुणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली टेबल नव्हतं. फरशीवरचे काळे डाग मात्र ती ते घर सोडून जाईपर्यंत तसेच होते, आणि ती रोज त्यांच्यावर पाय न देता शाळेत जायची. दोन-तीन वर्षांनी तिनं पांढऱ्या कोंबडीवर दीड पान लिहिलं.

दाढीनं काचेवर टकटक केली. “ताई, घ्यायचा का शेवटचा?” तिनं हातानंच थांब म्हटलं, हेडफोन काढले आणि बाहेरच्या बोळात जाऊन आईला फोन लावला. का लावला कोण जाणे. कुणीतरी म्हणावं, छे ग, तसं काही झालंच नव्हतं, असं वाटत असेल. किंवा कुणीतरी एकदाचं ओरडावं. आई भावाकडे असायची, ऐंशीच्या पुढची, पण कान आणि आठवण ठणठणीत. “आई, आपल्या जिन्याखाली इस्त्रीवाला होता बघ.”

“गेंगाण्या! आहे की लक्षात. आज काय ग एकदम?”

“त्याला हाकललं ना, काकूंच्या फोनवरून. आई, तो फोन मी केला होता.”

पलीकडे आईनं काहीतरी चावून गिळलं. दुपारचं खाणं चालू असावं. “ते होय,” ती म्हणाली. “माहितीये की. त्याच दिवशी कळलं होतं.”

“कसं?”

“अगं, वरची सांगायला आली ना, म्हणाली, मागे घड्याळाचे टोले पडत होते, चार, पण माझ्याकडे तर तीनच वाजले होते. एक टोला जास्त देणारं घड्याळ इमारतीत कुणाकडे होतं, सांग? बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. तिला नाही हो उमगलं. मुळात जरा मठ्ठच होती ती.” आई हसली. “बाबा म्हणाले, एवढ्याशा पोरीचं नाव कशाला येऊ द्यायचं? उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय. म्हणून सगळ्यांच्या आधी तेच उतरले खाली. इस्त्री त्यांनीच उलटवली, आठवतं? चांगला शर्ट जळला होता त्यांचा बाहीला.”

तिनं बोळाच्या भिंतीला हात लावला. भिंत तेलकट होती. येणारे-जाणारे चाचपत जायचे त्या उंचीवर एक लांब काळपट पट्टा उमटला होता. इतकी वर्षं तिनं एक गोष्ट पोटात दाबून धरली होती, आणि तेवढ्यात तरी एक प्रकारचा मान होता, की ही माझी एकटीची घाण आहे. तीही तिची एकटीची नव्हती. ती घरातली होती. कपबश्यांसारखी, सगळ्यांच्या वापरातली. शर्ट बदलून बाबा त्या रात्री जेवायला बसले असतील, आणि आईनं त्यांना वाढलं असेल, आणि तिलाही; आणि ती जेवली होती. आता तिला आठवलं, त्या रात्री तिला दोनदा वाढलं होतं.

“तुला काय कळत होतं तेव्हा?” आई समजावणीच्या सुरात म्हणाली. “अजाण होतीस. आणि तसाही तो घाणेरडाच होता, कधी ना कधी काहीतरी केलंच असतं त्यानं. ते जाऊ दे. काढतेस का ग अजून तो आवाज? काढ की एकदा. किती हसायचो आपण! बाबा गेल्यापासून मी तसं हसलेच नाही बघ.” आईचा आवाज खरोखर ओला झाला होता, खरोखर प्रेमाचा होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचा ओठ आपोआप एका बाजूला ओढला गेला. चाळीसहून जास्त वर्षांची सवय, आईनं म्हटलं की काढायचा. तिनं हातानं ओठ दाबून धरला, नखं रुतेपर्यंत. “आई, ठेवते,” ती कशीबशी म्हणाली आणि नळापाशी जाऊन तोंड धुतलं, आतून, बोटं घालून, दोनदा चूळ भरली. 

फोनकाका आपल्या खोलीत दुप्पट वेगानं लावलेलं कुणाचं तरी वाचन ऐकत बसले होते. ती आत आलेली त्यांना पावलांवरून कळली आणि त्यांनी बटण बंद केलं. “काका, ते पोर मी होते,” ती म्हणाली. “जिन्याखाली एक इस्त्रीवाला होता. त्याचा आवाज आहे तो. नाही, त्याचा नाही. मी त्याचा काढायचे तो.” आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फोन, कोळसे, घड्याळाचा जास्तीचा टोला.  सांगून झाल्यावर फोनकाकांनी टेबलाची कड अंगठ्यानं घासली. तिला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ द्या बाई, लहान होतात. तेवढं त्यांनी म्हणू नये.

“एक्स्चेंजात असे पुष्कळ फोन जोडून दिलेत मी,” ते म्हणाले. “पलीकडे कोण बोलतंय हे कळायचं मला. मी सांगितलं कधीच नाही. आमचं काम जोडून द्यायचं.” मग, “बरं. काय करायचं?”

“पहिले सहा अध्याय शाळेतून परत मागवा. मी सगळं पहिल्यापासून वाचते.”

“मागवतो. पोरांच्या नाकात बसलाय तो कसा मागवणार?”

 “उद्या मी शाळेत जाते,” ती म्हणाली. “पोरांना सांगते. त्या बाईंनाही सांगते.”

“बाई ऐकून घेतीलच असं नाही हं.”

“नको घेऊ देत.”

ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत परतली. बशीतल्या फोडी काळ्या पडल्या होत्या; तिनं त्या कागदात गुंडाळून टोपलीत टाकल्या. “दाढी, शेवटचा राहू दे. सातवा लाव, कोर्टाचा. तो आधी करू,” ती म्हणाली. दाढीनं भुवया वर केल्या, पण दिवा लाल केला. तिनं वाचायला सुरुवात केली. दिवेवाल्याची वाक्यं आली तेव्हा तिनं कुठलाच आवाज काढला नाही, लिहिलेली तशी वाचली. आणि तिच्या लक्षात आलं, की तो पुस्तकात अगदी नीट बोलतो. साध्या, पुऱ्या वाक्यांत. इतकी वर्षं तिला ते दिसलंच नव्हतं. मग मुलीला पिंजऱ्यात उभं केलं. या मुलीचा आवाज ती पहिल्यापासून बारीक, गोड, किंचित थरथरता काढत आली होती, आणि त्याबद्दल फोनकाकांनीसुद्धा कधी तक्रार केली नव्हती. कुणीच केली नव्हती. तो गोड आवाज नेहमीसारखा आपणहून घशात येऊन उभा राहिला. तिनं तो तिथेच दाबला, श्वास घेतला, आणि बावन्न वर्षांच्या, जरा बसलेल्या, रोज भाजीवाल्याशी आणि नवऱ्याशी बोलते त्या आवाजात वाचलं, “माझी कोंबडी याला बघितलं की पळते.”

ते वाक्य खोलीत पडलं, आणि किती घाण वाटलं ते ऐकायला. त्यात गोड म्हणून काही उरलंच नव्हतं. काय करतोय ते पुरतं ठाऊक असलेल्या माणसानं बोललेलं वाक्य होतं ते.

दाढीनं ध्वनिमुद्रण थांबवलं. काचेपलीकडून त्याचा आवाज आला. “ताई, मुलीचा आवाज काढायचा राहिला. परत घेऊ या?”

“नाही,” ती म्हणाली. “मुलीचा आवाज हाच आहे. चालू कर.”